सात मजल्यांची कहाणी : सलाबतखानाची कबर आणि न बांधलेली उंची

बांधल्या गेलेल्या वास्तूंचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. न बांधल्या गेलेल्या मजल्यांचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही, कारण त्याला शिलालेख नसतो, जमाखर्च नसतो, आणि मोजमाप घ्यायला जागेवर काही नसतेच. तरीही अशा मजल्यांविषयी लोक पिढ्यान्‌पिढ्या बोलत राहतात. इमारत किती उंच व्हायची होती, वरून काय दिसायचे होते, काम कुठे अडले, याविषयीची अनुमाने ही एक प्रकारची वाङ्मयनिर्मितीच असते. साहित्याच्या अभ्यासकाने तिच्याकडे केवळ ‘दंतकथा’ म्हणून पाठ फिरवावी, हे आम्हांला रास्त वाटत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका न बांधलेल्या उंचीचा विचार करणार आहोत.

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, या शहराच्या पूर्वेस सुमारे सहा मैलांवर, पाथर्डीच्या वाटेला, शहा डोंगराच्या माथ्यावर एक अष्टकोनी दगडी इमारत उभी आहे. समुद्रसपाटीपासून तो माथा तीन हजार ऐंशी फुटांच्या आसपास आहे. रुंद दगडी जोत्यावर एकावर एक तीन मजले, प्रत्येक बाजूला कमानी, भिंतीच्या जाडीतून वर जाणारे अरुंद जिने, आणि खाली तळघरात कबरी, अशी तिची साधी रचना आहे. नक्षीकाम जवळजवळ नाहीच. शहरातून पूर्वेकडे नजर टाकली की क्षितिजावर तिची आकृती ठळक दिसते. परिसरात तिला सगळे ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतात.

वस्तुतः ती चांदबीबीची नाही आणि महालही नाही. ती मुर्तझा निजामशहा पहिला याचा मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर आहे. परंतु आमच्या विवेचनाचा रोख या नावातील चुकीपेक्षा तिच्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीवर अधिक आहे. गोष्ट अशी की, ही इमारत मुळात सात मजल्यांची व्हायची होती. सातव्या मजल्यावरून दौलताबादचा किल्ला दिसावा अशी बांधणाऱ्याची इच्छा होती. पण तीन मजले झाले आणि काम थांबले. ऐकणारा मान वर करतो, तिसऱ्या मजल्याच्या वरच्या रिकाम्या आकाशात चार मजले कल्पितो आणि हळहळतो. ही हळहळ कशाची, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम ज्याची ही कबर, त्या माणसाविषयी. मुर्तझा निजामशहाची कारकीर्द १५६५ ते १५८८ अशी. हा सुलतान उत्तरायुष्यात राज्यकारभारापासून दूर, एकान्तात राहू लागला आणि इतिहासात ‘दिवाणा’ या उपनावाने ओळखला गेला. त्या काळात प्रत्यक्ष राज्य चालवले ते सलाबतखानाने. ‘तारीख-इ-फिरिश्ता’ लिहिणारा मुहंमद कासिम फिरिश्ता तेव्हा अहमदनगरच्या दरबारीच चाकरीस होता. १५८९ मध्ये तो विजापुरास गेला. म्हणजे या काळाची हकीकत ज्याच्याकडून आपल्यापर्यंत येते तो बराचसा प्रत्यक्षदर्शी आहे. मलिक कुमी आणि जुहुरी हे फारसी कवीही त्या दशकांत अहमदनगरच्या आश्रयास होते आणि पुढे विजापुरास गेले. थोडक्यात, हे नगर केवळ लढायांचे नव्हते, शब्दांचेही होते.

सलाबतखानाच्या पतनाची हकीकत इतिहासग्रंथांत येते ती विलक्षण आहे. सुलतानाची मर्जी फिरली आणि त्याला कैद करण्याचा हुकूम निघाला. सुलतानाचे चित्त ठिकाणावर नाही, सैन्य आपल्या हाती आहे, तेव्हा हुकूम मानू नये, असे त्याच्या माणसांनी सुचवले. सलाबतखानाने ते ऐकले नाही; आपल्या हाताने पायांत बेड्या घालून घेतल्या आणि तो कैदेत गेला. पुढे लवकरच, १५८८ मध्ये, मुर्तझाचा त्याच्याच मुलाकडून वध झाला आणि गादीवर अल्पकाळचे राजे येऊ लागले. वृद्ध सलाबतखान १५८९ मध्ये कैदेतून सुटून पुन्हा रणात उतरला, पैठणजवळ पराभूत झाला, आणि त्याच वर्षी तळेगाव येथे वारला. एवढ्या मोठ्या चढउतारानंतर त्याच्या वाट्याला आली ती डोंगरमाथ्यावरची ही जागा. आणि तीवरही आज नाव आहे दुसऱ्याचेच.

आता निजामशाहीत एखाद्या निवासी वास्तूचा आराखडा कसा ठरत असे, याचे एक उदाहरण पाहू. ते उदाहरण त्याच शहराचे आणि त्याच माणसाचे आहे. शहराच्या आग्नेयेस असलेला फराहबाग हा तलावाच्या मध्यभागी उभारलेला अष्टकोनी महाल. मुर्तझा निजामशहाने तो स्वतःसाठी बांधविला. त्याची कथा अशी सांगितली जाते : प्रथम काम चंगीजखान या मंत्र्याकडे होते, नंतर नियामतखान सिमनानी याच्याकडे गेले. उभी राहिलेली वास्तू सुलतानाला पसंत पडली नाही. ती पाडून नवी बांधण्याची आज्ञा झाली. हे काम सलाबतखान नावाच्या पहिल्या सरदाराकडे आले; तो वारल्यावर त्याच्या पुतण्याने, म्हणजे आपल्या या दुसऱ्या सलाबतखानाने, ते १५८३ मध्ये पूर्ण केले.

या हकीकतीत आम्हांला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे आराखडा ही त्या काळी केवळ कारागिरांची बाब नव्हती. ती दरबारी राजकारणाची बाब होती. कोणाची योजना मान्य होते, कोणाची पाडली जाते, यावर मंत्र्यांची प्रतिष्ठा ठरत असे. दुसरी गोष्ट अशी की, सलाबतखानाने दुसऱ्याची नापसंत झालेली इमारत पाडल्यानंतरची इमारत पूर्ण करून दाखवली होती. तो अपुऱ्या कामांचा माणूस म्हणून ओळखला जावा, असे त्याच्या कारकिर्दीत काही नाही. पण लोककथेने त्याला नेमके तेच दिले : अपुरी राहिलेली इच्छा.

यात आणखी एक धागा आहे. निजामशाहीच्या आरंभकाळातील हश्त बिहिश्त बाग, म्हणजे ‘आठ स्वर्गांची बाग’, हीही पाण्यातील अष्टकोनी महालासाठी प्रसिद्ध. फराहबाग अष्टकोनी. आणि सलाबतखानाची कबरही अष्टकोनी. ज्याने सुलतानाचा अष्टकोनी महाल बांधला, त्याचीच कबर त्या आकारात उभी आहे. जणू जिवंत माणसांच्या राहण्याची आकृती मृतासाठी डोंगरावर नेऊन ठेवली. म्हणून ‘महाल’ हे लोकांनी दिलेले नाव इतिहासाच्या दृष्टीने चूक असले, तरी आकृतीच्या दृष्टीने पूर्णपणे चूक आहे असे आम्हांला वाटत नाही. चहूबाजूंनी खुल्या कमानी, मजल्यामजल्यांवर फिरता येईल अशा पडव्या, वारा आणि दूरवरचे दृश्य : ही सगळी लक्षणे राहत्या घराची आहेत. पाहणाऱ्याच्या डोळ्याला ते जाणवले आणि त्याने तिला घर म्हटले. कोणाचे घर? तर नगरच्या स्मृतीत जी सर्वांत ठसठशीत व्यक्ती होती तिचे. १५९५-९६ मध्ये शाहजादा मुरादच्या मोगल फौजेपुढे नगरचा किल्ला लढवणारी आणि १६०० मध्ये आपल्याच लोकांच्या हातून मारली गेलेली चांदबीबी ही ती व्यक्ती. मंत्री विस्मृतीत गेला, लढणारी स्त्री राहिली, आणि इमारत तिच्याकडे गेली.

आता सात मजल्यांकडे वळू. सात हा आकडा मराठी माणसाला नवा नाही. सात समुद्र, सात जन्म, सात पिढ्या, सात पडदे, राजकन्येची सात मजली माडी. जे हाताबाहेरचे, जे पूर्णत्वाच्या पलीकडचे, ते सातांत मोजण्याची आपली सवय आहे. एखाद्या इमारतीला सात मजले दिले की ती मोजमापातून उठते आणि कथेत जाते. हा सर्वश्रुत दाखला पाहा. पहिल्या बाजीरावाने पुण्यातील शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी केली; वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली; खर्च १६,११० रुपये आला. ही झाली नोंद. कथा अशी की, वाडा सात मजली आणि सगळा दगडी व्हायचा होता. पण दगडी वाडा बांधण्याचा मान सातारच्या छत्रपतींचा, म्हणून पहिल्यानंतरचे मजले विटांचे झाले. आणि सर्वांत वरच्या मजल्यावरून, मेघडंबरीवरून, आळंदीच्या ज्ञानेश्वर मंदिराचा कळस दिसत असे. फेब्रुवारी १८२८ च्या आगीत वाडा जळाला. राहिले ते जोते, तट आणि दरवाजे. ज्या मजल्यावरून कळस दिसायचा तो मजलाच राहिला नाही, त्यामुळे कथेला आव्हान द्यायलाही कोणी उरले नाही.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की साचा उघड होतो. सात मजले, वरून दूरचे एक मानाचे ठिकाण दिसणे, आणि आज ते मजले नसणे. नगरला दौलताबाद, पुण्याला आळंदी. पुण्याच्या कथेत सत्ता संताकडे पाहते. नगरच्या कथेत सत्ता सत्तेकडे पाहते. एवढा फरक सोडला तर रचना एकच.

अर्थात साचा ओळखला म्हणजे कथा खोटी ठरली, असे मानण्याची घाई करू नये. सात मजल्यांच्या वास्तू त्या काळात केवळ कथेत नव्हत्या. विजापुरास दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातील सात मंजिल ही निवासी इमारत १५८३ ची सांगितली जाते, म्हणजे फराहबाग पूर्ण झाला त्याच वर्षीची. तिचे वरचे मजले आज नाहीत, नाव मात्र सातांचेच आहे. लखनौचा सतखंडा हा तर अधिक बोलका दाखला : महंमद अली शहाने सात मजल्यांचा मनोरा योजिला, १८४२ मध्ये तो वारला, आणि मनोरा चार मजल्यांवर थांबला, पण नाव सतखंडाच राहिले. तेव्हा एखाद्या मंत्र्याने सात मजले मनात आणणे आणि त्याच्या पतनाबरोबर काम थांबणे, हे अशक्य नाही. विजापूर आणि अहमदनगर यांच्यात १५८० च्या दशकात सोयरीक आणि वैर दोन्ही चालू होते. विजापुरास सातांची इमारत उठत असेल, तर नगरच्या मंत्र्याला तिची वार्ता नसेल, असे मानणेही कठीण. हा तर्कच आहे. पण तर्काला जागा आहे, एवढे म्हणता येते.

मग कथेचा दुसरा भाग, दिसण्याचा, थोडा गणिताने तपासू. साहित्याच्या लेखात गणित आणल्याबद्दल वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे. कारण हे गणित शाळेतले आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिज किती दूर दिसेल, हे काढण्याची ढोबळ रीत अशी : पाहणारा खालच्या प्रदेशापेक्षा जितके मीटर उंच, त्या संख्येचे वर्गमूळ काढून ३.५७ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. शनिवारवाड्यासाठी वरच्या गच्चीची उंची पंचवीस मीटर धरली, तर क्षितिज सुमारे अठरा किलोमीटरवर येते. आळंदी तेथून साधारण तेवढ्याच अंतरावर आहे, आणि कळस जमिनीवर नव्हे, देवळाच्या शिखरावर आहे. म्हणजे पुण्याच्या कथेत मजल्यांना खरोखर अर्थ आहे : खालून न दिसणारे वरून दिसू शकते.

नगरचा हिशेब वेगळा निघतो. शहा डोंगर ते दौलताबाद हे सरळ रेषेतील अंतर सुमारे शंभर किलोमीटर. मधला गोदाकाठचा प्रदेश डोंगरमाथ्यापेक्षा साधारण साडेचारशे मीटर खाली धरला, तर आजच्या माथ्यावरूनच क्षितिज सुमारे शहात्तर किलोमीटरवर जाते. दौलताबादचा डोंगर स्वतः भोवतालच्या जमिनीपासून दोनशे मीटरच्या आसपास उठलेला आहे. त्याच्या उंचीचे पन्नास किलोमीटर त्यात मिळवावे लागतात. बेरीज शंभराच्या पुढे जाते. याचा अर्थ, पृथ्वीची गोलाई येथे आड येत नाही. आड आली तर जवळची एखादी डोंगररांग येईल, किंवा हवेतली धूळ. आता त्यात न बांधलेले चार मजले मिळवू. सढळ हाताने शंभर फूट, म्हणजे तीस मीटर धरू. क्षितिज शहात्तरावरून अठ्ठ्याहत्तरावर सरकते. चार मजल्यांची कमाई दोन-अडीच किलोमीटर!

तात्पर्य असे की, शहा डोंगरावरून जे दिसायचे ते डोंगराच्या बळावर दिसते. मजल्यांच्या बळावर नव्हे. दौलताबाद दिसत असेल तर जोत्यावरूनही दिसेल. जवळची रांग आड असेल तर चार मजल्यांनी ती बाजूला होईल याची खात्री नाही. ज्याने बांधकामे उभी केली, तलावात महाल उभारला, त्या सलाबतखानाला हे आपल्यापेक्षा अधिक कळत असणार. डोंगराची निवड करणारा माणूस उंचीचा प्रश्न इमारत सुरू होण्यापूर्वीच सोडवून बसलेला असतो. म्हणून दौलताबाद पाहण्यासाठी सात मजले, हे कारण बांधणाऱ्याचे असावे असे आम्हांला वाटत नाही. ते सांगणाऱ्याचे असावे.

सांगणारा कोण आणि केव्हाचा? येथे इतिहास काही सुचवतो. अहमद निजामशहाने १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव करून सत्ता उभी केली, १४९४ च्या सुमारास शहर वसवले, आणि १४९९ मध्ये दौलताबाद घेतले. सलाबतखानाच्या वेळी दौलताबाद ऐंशीहून अधिक वर्षे निजामशाहीतच होते. आपल्या राज्यातला एक बळकट किल्ला, एवढेच त्याचे स्थान. त्याच्याकडे डोळे लावून बसण्याचे कारण नव्हते. पण १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. मलिक अंबरने निजामशाही नगरबाहेर जिवंत ठेवली. राजधानी परांडा, जुन्नर करीत अखेर दौलताबादेस गेली. १६३३ मध्ये दौलताबादही पडले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात काही दशके अशी होती की नगरच्या माणसाच्या दृष्टीने आपले राज्य दौलताबादेस होते आणि आपले शहर परक्यांच्या ताब्यात. त्या माणसाने पूर्वेच्या डोंगरावरील इमारतीकडे पाहून ‘आणखी चार मजले झाले असते तर दौलताबाद दिसले असते’ असे म्हणणे, हे वास्तुशास्त्र नव्हे. तो विलाप आहे. सिंहासन जिथे गेले तिथपर्यंत नजर पोहोचावी, ही ती इच्छा. कथा नेमकी त्याच दशकांतली आहे, असे सिद्ध करता येणार नाही. पण दौलताबादचे नाव ज्या भावनेने या कथेत येते ती भावना १५८० ची वाटत नाही, १६३० ची वाटते, एवढे मत आम्ही मांडू इच्छितो. बखरीतील प्रसंगाचा काळ आणि बखर लिहिल्याचा काळ यांत आपण भेद करतो. तोच भेद तोंडी कथेलाही लावला पाहिजे.

आता उरला प्रश्न : इमारत खरोखर अपुरी आहे काय? तिच्या अंगावर नक्षी नाही, उठावाचे काम नाही, हे खरे. पण आत उभे राहून वर पाहिले तर छत घुमटाकार मिटलेले आहे, आणि मजल्यांच्या पडव्या त्या घुमटाला वेढून आहेत. ज्याला आणखी चार मजले चढवायचे आहेत तो तिसऱ्या मजल्यावर घुमट मिटवून घेईल काय? घुमट हा इमारतीचा पूर्णविराम असतो. यावरून आमचा कयास असा की, अपुरे राहिले असेल तर ते अलंकरण, उंची नव्हे. सलाबतखान कैदेत गेला आणि वर्ष-दीड वर्षात वारला. सजावटीला पैसा आणि धनी दोन्ही उरले नाहीत. तीन मजले हाच आराखडा होता आणि तो पूर्ण झाला होता, असे मानण्यास इमारत स्वतःच आधार देते. किंबहुना तिचा मूळ आकडा आठ आहे, सात नव्हे. वास्तू आठ बाजूंची भाषा बोलते, आडवी, चहूदिशांना सारखे पाहणारी. लोककथा सात मजल्यांची भाषा बोलते, उभी, एकाच दिशेला टक लावणारी. दोघींचे बोलणे एकमेकींत मिसळले आहे. ते वेगळे करून ऐकणे हे अभ्यासकाचे काम.

अपुऱ्या इमारतीला कथा कशी चिकटते आणि ती तारखांनी कशी तपासावी, याचा नमुना विजापूरच्या बारा कमानीत मिळतो. दुसऱ्या अली आदिलशहाची ही कबर उघडच अपुरी आहे. तिची सावली गोल घुमटावर पडली असती, म्हणून बापानेच मुलाचा घात करून काम थांबवले, असे सांगतात. परंतु बाप महंमद आदिलशहा १६५६ मध्ये वारला आणि त्यानंतरच अली गादीवर आला. मेलेल्या बापाने काम थांबवणे शक्य नाही. म्हणून कथा टाकून द्यायची का? नाही. मोठ्या घुमटाच्या शेजारी राहणाऱ्या लोकांना दुसऱ्या कोणत्याही इमारतीने त्याहून उंच होऊ नये असे वाटत होते, हे तिच्यातून कळते. तारीख कथेचा पुरावा मोडते. कथेचा अर्थ मोडत नाही.

ही वृत्ती जुनी झाली, असे समजण्याचे कारण नाही. मुंबईत लोअर परळला, बंद पडलेल्या श्रीनिवास मिलच्या जागेवर, ‘वर्ल्ड वन’ नावाची निवासी गगनचुंबी इमारत २०१० मध्ये जाहीर झाली तेव्हा तिची योजलेली उंची ४४२ मीटर होती आणि मजले एकशे सतरा. जगातील सर्वांत उंच निवासी इमारत होणार, असा तिचा बोलबाला होता. विमानवाहतुकीच्या दृष्टीने एवढ्या उंचीला परवानगी मिळाली नाही आणि इमारत सुमारे २८० मीटरवर थांबली. म्हणजे एकशे साठ मीटरहून अधिक आकाश तेथेही न बांधलेले राहिले. फरक इतकाच की या वेळी कारण कागदावर आहे. पण शंभर-दोनशे वर्षांनी तो कागद कोण वाचणार? कदाचित कोणी सांगेल की वरच्या मजल्यावरून अमुक दिसायचे होते. काय दिसायचे होते, हे तेव्हाच्या सांगणाऱ्यावर अवलंबून राहील. आणि १९८२ च्या संपानंतर ज्यांच्या गिरण्यांचे भोंगे थांबले त्यांची नातवंडे सांगत असतील, तर ती कदाचित वरून काय दिसते याऐवजी खाली काय होते, हेच सांगतील.

शहा डोंगरावरील इमारतीत अखेर माणसे राहिली, तीही तिच्या कर्त्याच्या कल्पनेबाहेरची. इंग्रजी अमदानीत डोंगरावरची थंड हवा पाहून गोऱ्या सैनिकांच्या उन्हाळी हवापालटासाठी तिचा उपयोग केला गेला. कबरीवरच्या मजल्यांत आजारी शिपाई विश्रांती घेत पडले. लोकांनी तिला आधीच महाल म्हटले होते. सरकारने ती खरोखर राहण्याची जागा केली. आज ती संरक्षित स्मारक आहे आणि सुट्टीच्या दिवशी मंडळी तेथे वारा खायला जातात. तळघरातील कबर कोणाची, हे विचारणारे थोडे. सात मजल्यांची गोष्ट सांगणारे पुष्कळ.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली असते. वर्गात ती निघाली म्हणजे दोन प्रतिक्रिया होतात. एक : गोष्ट खरीच. दुसरी : सगळ्या थापा. दोन्ही प्रतिक्रिया गोष्ट न वाचता दिलेल्या आहेत, असे आम्ही त्यांना सांगतो. गोष्ट वाचायची म्हणजे तिचे थर वेगळे करायचे. सात हा लोकभाषेचा थर. दौलताबाद हा हरवलेल्या राजधानीचा थर. चांदबीबी हा पराक्रमाच्या स्मृतीचा थर. आणि सर्वांत खाली, तळघरात, सलाबतखान. वरच्या प्रत्येक थराने त्याला थोडेथोडे झाकले. नापसंत महालाच्या जागी नवा महाल पूर्ण करून देणारा, हाती सैन्य असताना स्वतः बेड्या घालून घेणारा, आणि आपल्या कबरीसाठी आठ दिशांना खुली अशी साधी इमारत निवडणारा हा माणूस लोकांच्या तोंडी उरला तो ‘ज्याचे चार मजले राहून गेले तो’ म्हणून. किंवा उरलाच नाही. त्या चार मजल्यांचे ओझे त्याच्या कबरीवरून उतरवले, तर उरलेले तीन मजले पुरेसे आहेत हे लक्षात येते. पुढच्या वेळी तेथे जाणाऱ्याने वर पाहण्याआधी एकदा तळघराच्या पायऱ्या उतराव्यात, एवढेच आमचे सांगणे.